दफनांचा पुरावा आणि अनुमानाची भाषा

गुलबर्गा (आताचा कलबुर्गी) जिल्ह्यात भीमेच्या परिसरात जेवर्गी नावाचे गाव आहे. फिरोजशाह बहमनीने वसविलेल्या फिरोजाबादचे भग्नावशेष तेथून जवळच असल्यामुळे इतिहासाची आवड असणारा प्रवासी सहसा ते पाहून परत फिरतो. जेवर्गीकडे त्याचे लक्ष जात नाही. परंतु भारतीय पुरातत्त्वविद्येच्या इतिहासात या गावाला स्वतःचे असे स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या सेवेतील इंग्रज अधिकाऱ्याने तेथील दगडांच्या वर्तुळाकार राशी खणून त्यांच्या पोटातील दफने उघडी केली. हा टेलर म्हणजे १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहून विलायतेत गाजलेला आणि पुढे १८६३ साली तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर 'तारा' लिहिणारा टेलर होय. १८४१ ते १८५३ पर्यंत त्याने शोरापूर संस्थानचा कारभार पाहिला, नंतर नळदुर्ग भागाचाही पाहिला. आपल्या सीमाभागाची इतकी जवळून ओळख असलेले परकीय लेखक फार थोडे.

टेलरचे उत्खनन त्या काळाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतके शिस्तीचे होते. त्याचे समकालीन बहुतेक हौशी संशोधक दगड बाजूला सारून भांडी आणि शस्त्रे तेवढी उचलीत. टेलरने राशीचे उभे छेदचित्र काढले. वरचे दगड, मधली माती, खालचा कोठा आणि त्यातील सांगाडे ही सर्व आपापल्या जागी दाखविली. शतकानंतर सर मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खननशास्त्रावरील आपल्या १९५४ सालच्या ग्रंथात या कामाचा आदराने उल्लेख केला. स्तरांच्या बाबतीत कोणाचीही गय न करणाऱ्या व्हीलरांकडून मिळालेला हा मान लहान नव्हे.

आणि तरीही याच टेलरने, त्याच सांगाड्यांवरून, जो निष्कर्ष काढला तो आज कोणी मान्य करणार नाही. काही सांगाडे नीट मांडलेले होते, काही अस्ताव्यस्त होते, आणि काही ठिकाणी मस्तके धडापासून वेगळी पडलेली होती. टेलरने ठरविले की हा नरबळी आहे. पुढे त्याने दख्खनमधील शिलावर्तुळांचे नाते ब्रिटिश बेटांतील शिलावर्तुळांशी आणि सिथियन टोळ्यांशी जोडले, आणि रॉयल आयरिश अकादमीपुढे तसा प्रबंधही मांडला. आज आपण जाणतो की दख्खनची ही वर्तुळे लोहयुगातील, म्हणजे ढोबळपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या आगेमागची आहेत, आणि ब्रिटनमधील बहुतेक शिलावर्तुळे त्यांहून हजाराहून अधिक वर्षांनी जुनी. वेगळ्या पडलेल्या मस्तकांना बळीची गरज नाही. महापाषाणीय लोकांत प्रेत आधी इतरत्र ठेवून मांस गळून गेल्यावर अस्थी गोळा करून पुरण्याची रीत सर्वत्र दिसते; तसे केले की कवटी धडावर राहत नाही. एकच कोठा पिढ्यान्पिढ्या पुन्हा उघडला गेला असेल तर आधीच्या अस्थी बाजूला लोटल्या जातात. वरचा दगड कोसळला तरी तेच होते.

टेलरने येथे लबाडी केली असे म्हणण्यास तिळमात्र आधार नाही. जे दिसले ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले. प्रस्तुत लेखकाला एक शंका मात्र नेहमी येते आणि ती केवळ शंका म्हणूनच मांडतो. ज्या माणसाने उमेदीच्या वयात ठगांचे जबाब ऐकले, गळा आवळून मारलेले प्रवासी झाडांखाली कसे पुरले जात ते ज्याने जाणले आणि त्यावर तीन खंडांची कादंबरी लिहिली, त्याला जमिनीतून निघालेल्या विस्कळीत सांगाड्यात खून दिसावा हे कितपत स्वाभाविक आहे? साहित्याचा अभ्यासक लेखकाच्या प्रतिमासृष्टीचा शोध घेतो; उत्खननाच्या वृत्तान्तालाही अशी प्रतिमासृष्टी असते, आणि तो शोध सहसा कोणी घेत नाही.

माझा आक्षेप नेमका कशावर आहे ते येथे स्पष्ट करतो, कारण 'उत्खननांतील पुरावा अविश्वसनीय आहे' असे सरसकट विधान मी करू इच्छीत नाही. दफनाच्या पुराव्यात तीन गोष्टी एकापाठोपाठ येतात. पहिली, जमिनीत काय आढळले. दुसरी, ते तसे कशामुळे झाले. तिसरी, ज्यांनी ते केले त्यांच्या मनात काय होते. पहिली प्रत्यक्ष आहे, उरलेल्या दोन अनुमान आहेत. धूर दिसला म्हणजे अग्नी असलाच पाहिजे हे अनुमान टिकते, कारण धूर व अग्नी यांची व्याप्ती आपण शेकडो वेळा स्वयंपाकघरात पाहिलेली असते. वेगळी पडलेली कवटी आणि नरबळी यांची व्याप्ती कोणी पाहिली आहे? पुरातत्त्वज्ञाची युक्ती वस्तुतः अनुमानाचीही नसते, ती बहुधा अर्थापत्तीची असते. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ आहे, त्याअर्थी तो रात्री जेवतो, असे मीमांसक सांगतात. पण ही अर्थापत्ती तेव्हाच सिद्ध होते जेव्हा लठ्ठपणाची दुसरी कोणतीही उपपत्ती लागत नाही. देवदत्ताला सूज आली असेल तर सारा डोलारा कोसळतो.

या तीन पायऱ्या वृत्तान्त लिहिताना एका क्रियापदात मिसळून जातात, आणि भाषेच्या शिक्षकाने लक्ष घालावे अशी जागा हीच. 'मस्तक धडापासून वेगळे होते' हे एक वाक्य आहे, 'मस्तक छाटले होते' हे दुसरे, आणि 'बळी देण्यासाठी मस्तक छाटले' हे तिसरे. पहिल्यातील 'होते' कर्त्यावाचून उभे राहते. दुसऱ्याला कर्ता लागतो, म्हणून एक अदृश्य हात आणि एक शस्त्र गृहीत धरावे लागते. तिसऱ्याला हेतू लागतो. वाचक मात्र तिन्ही वाक्ये एकाच विश्वासाने वाचतो, कारण तिन्हींच्या खाली त्याच उत्खननाचे नाव असते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मोहेंजोदडोचे आहे. १९२०च्या दशकात व त्यानंतर तेथील गल्ल्यांत व खोल्यांत काही सांगाडे विधिपूर्वक पुरल्याची खूण न दिसणाऱ्या स्थितीत मिळाले. व्हीलर यांनी १९४७ साली त्यांवरून शहरावर अखेरचा हल्ला झाला असे मानले आणि त्या हल्ल्याचे दायित्व ऋग्वेदातील इंद्राकडे, म्हणजे आर्यांकडे, सोपविले. स्तरांचे आचार्य व्हीलर ते हेच! १९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी दाखविले की हे सांगाडे एका काळाचे नाहीत, एका स्तरातील नाहीत, आणि ज्या गढीचे रक्षण करताना लोक मरावयास हवे होते त्या गढीवर एकही नाही. १९८४ साली केनेथ केनेडी यांनी अस्थी तपासल्या तेव्हा शस्त्राच्या घावाचे चिन्ह एखाद-दुसऱ्याच सांगाड्यावर सापडले. पण मधल्या काळात ती कथा शाळाशाळांतून शिकविली गेली होती. ती कथा शिकून वाढलेले लोक आजही भेटतात, आणि त्या कथेच्या बाजूने अथवा विरुद्ध आवेशाने भांडतातही. दोन्ही पक्षांचे भांडण एका क्रियापदावर उभे आहे हे त्यांच्या गावीही नसते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार करावयाचा तर इनामगाव टाळून चालणार नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांची नावे या कामाशी निगडित आहेत, आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेला त्याचा अहवाल हा भारतीय पुरातत्त्वविद्येतील एक आदर्श अहवाल समजला जातो. ढवळीकरांनी 'महाराष्ट्राची कुळकथा'सारख्या लेखनातून हा काळ सामान्य मराठी वाचकाच्या घरात आणून बसविला. त्यांचे हे ऋण मान्य करूनच पुढील प्रश्न विचारीत आहे.

इनामगावला घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांत बालकांची संख्या फार मोठी असून बालके दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवून त्यांत पुरलेली आहेत. प्रौढ माणसे खड्ड्यात, उत्तरेकडे डोके करून उताणी निजविलेली आहेत आणि त्यांच्या पायांची पावले नाहीत. मराठी वाचकाला हे असे सांगण्यात आले: मृताचे भूत चालत निघून जाऊ नये किंवा परत येऊ नये म्हणून पावले तोडली. कल्पना मनाचा ठाव घेणारी आहे. मी स्वतः कित्येक वर्षे वर्गात ती सांगितली आणि मुले डोळे विस्फारून ऐकत. एके वर्षी एका मुलाने विचारले, "गुरुजी, भुताची भीती होती हे त्यांनी कुठं लिहून ठेवलं होतं?" मी त्याला खाली बसविले. उत्तर नव्हते म्हणून बसविले, हे आज कबूल करण्यास हरकत नाही.

येथेही पायऱ्या वेगळ्या केल्या पाहिजेत. पावले आढळली नाहीत, हे प्रत्यक्ष. पावलांची हाडे लहान असतात आणि उथळ खड्ड्यात ती प्रथम नष्ट होतात किंवा नंतरच्या खोदकामात उचलली जातात, हेही खरे. परंतु एकामागून एक प्रौढ सांगाड्यात तेच घडते आणि हातांची तितकीच लहान हाडे टिकून राहतात, तेव्हा योगायोगाचे स्पष्टीकरण दुबळे होते. म्हणून 'तोडली' या दुसऱ्या पायरीला मी विरोध करीत नाही. नडगीच्या खालच्या टोकावर कापल्याच्या खुणा शोधणे हा तिचा निकष आहे आणि असा निकष असणे हीच तिची प्रतिष्ठा. पण 'भुताच्या भीतीने' या तिसऱ्या पायरीचा निकष कोणता? आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात असे म्हणतात, त्यावरून ही कल्पना सुचली असावी. ती तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात होती याला मात्र घोडकाठच्या मातीत साक्ष नाही.

इनामगावचाच दुसरा नमुना अधिक बोधक आहे. तेथे चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात सुमारे चाळीस वर्षांचा एक पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला मिळाला. त्याची पावले शाबूत होती. इतरांपेक्षा तो वेगळा, त्याअर्थी मोठा माणूस; मोठा माणूस, त्याअर्थी वसाहतीचा नायक, असा तर्क चालविण्यात आला. आता ज्या भागात मी राहतो त्या भागातील कोणत्याही शेतकऱ्यास बसविलेला मृतदेह दाखविला तर तो काय म्हणेल? मन्नाएखेळ्ळीच्या पंचक्रोशीत लिंगायत समाजात मृताला बसवूनच पुरतात, हातात इष्टलिंग देतात. संन्याशाला समाधी देतात तीही बसवून. आमचा शेतकरी त्या रांजणातील पुरुषाला पाटील म्हणणार नाही, स्वामी म्हणेल. त्याचा तर्क पुरातत्त्वज्ञाच्या तर्काहून कमी दर्जाचा आहे असे मला वाटत नाही. अर्थात तोही मान्य करता येत नाही, कारण बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या चळवळीशी जोडलेल्या आचाराचा आधार इसवी सनापूर्वीच्या दफनाला देणे ही टेलरच्याच जातीची चूक होईल. रांजणातला पुरुष आपल्याला एवढेच सांगतो की त्याला इतरांहून वेगळ्या रीतीने पुरले.

याच पंचक्रोशीचे दुसरे एक चित्र मनासमोर आणावे. समजा, दोन हजार वर्षांनी कोणी येथे खणू लागला. त्याला मुसलमानांच्या कबरी मिळतील, त्यांत वस्तू नसतील. लिंगायतांची दफने मिळतील, त्यांत लिंग मिळेल. ज्या जातींत पुरण्याची रीत आहे त्यांची दफने मिळतील, आणि हिंदूंच्या इतर घरांतील फक्त लहान मुले, कारण दात न आलेल्या मुलाला अग्नी देत नाहीत. जे जळले, ज्यांच्या अस्थी नदीत गेल्या, ते त्याला मिळणारच नाहीत. तो लिहील की या वस्तीत काही घरांत फक्त बालकेच मरत! इनामगावच्या बालदफनांविषयी बोलताना हे आठवावे. वसाहत सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे टिकली. वर्षाला पाच मृत्यू धरले, आणि हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे, तरी साडेचार हजार मृत्यू होतात. टेकाडाचा काही भागच खणला गेला हे लक्षात घेऊनही, घराच्या जमिनीखाली कोणाला पुरावयाचे हे ठरविणारी एखादी निवड त्या लोकांत असली पाहिजे ही शंका उरते. ती निवड कोणती होती हे कळल्याशिवाय 'इनामगावच्या लोकांत बालमृत्यूचे प्रमाण' या शब्दांना अर्थ येत नाही.

अस्थिशास्त्रज्ञांनी हा पेच स्वतःच ओळखला आहे हे सांगणे न्यायाचे होईल. १९९२ साली वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की ज्या हाडावर रोगाची खूण आहे तो माणूस कदाचित अधिक सशक्त असेल, कारण खूण उमटण्याइतके दिवस तो रोगाशी झुंजला. अशक्त माणूस खूण न ठेवताच गेला. इनामगावच्या बालकांच्या अस्थींचा फेरविचार करून ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ साली, अवर्षणाने ही संस्कृती लयास गेली या रूढ स्पष्टीकरणावर प्रश्नचिन्ह लावले. याशिवाय जमिनीची स्वतःची निवड असते ती वेगळीच. बिदरच्या पठारावरील जांभ्याची आम्लधर्मी माती हाडे खाऊन टाकते. खालच्या काळ्या मातीत हाड टिकते, पण ती माती वैशाखात हातभर भेगाळते आणि वरची वस्तू खाली जाते. खापराचा जो तुकडा सांगाड्याशेजारी मिळाला तो सांगाड्याबरोबरच गेला असे छातीठोकपणे म्हणणे अवघड होते.

तर मग दफनांना काही किंमतच नाही काय? आहे, आणि मोठी आहे. नागपूरजवळील माहुरझरी येथे डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली १९७०च्या सुमारास झालेल्या उत्खननात शिलावर्तुळांतून घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. विदर्भातील त्या लोकांजवळ घोडा होता व ते त्याला सजवीत, हे यावरून निःशंक सिद्ध होते. 'घोड्यावर बसून आलेले परके विजेते' मात्र सिद्ध होत नाहीत. हडप्पा येथील दफनांतील दातांच्या रासायनिक परीक्षणावरून पुरलेल्यांपैकी काही जण बालपणी दुसऱ्या प्रदेशात वाढले होते असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, कारण तो माणसाच्या मनाविषयी काहीच सांगू पाहत नाही. त्याच पठडीतील राखीगढीचे काम. तेथे साठाहून अधिक नमुने तपासून त्यांतील एकाच स्त्रीच्या अस्थींतून वाचता येईल एवढे आनुवंशिक द्रव्य मिळाले आणि त्यावरचा प्रबंध २०१९ साली निघाला. शास्त्रज्ञांनी नमुन्यांची संख्या लपविली नाही. पण दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्या एका स्त्रीने साऱ्या आर्यप्रश्नाचा निकाल लावलेला होता, आणि तोही वृत्तपत्रागणिक निराळा.

शब्दच कसा निकाल लावतो याचे ताजे उदाहरण उत्तर प्रदेशातील सिनौलीचे. २०१८ साली तेथील दफनांत तांब्याने मढविलेली दोन चाकांची वाहने निघाली. चाके भरीव आहेत, आऱ्यांची नाहीत. 'रथ' म्हटले की महाभारत उभे राहते आणि पुढे घोडे जोडले जातात. 'गाडी' म्हटले की बैल जोडले जातात. जमिनीतून निघालेले वाहन दोन्ही वेळा तेच असते.

इतिहासाचा शिक्षक उत्खनन करीत नाही, तो वाक्ये करतो. म्हणून अलीकडे मी फळ्यावर इनामगावच्या धड्यासाठी तीन रकाने आखतो: आढळले, झाले असावे, वाटले असावे. तिसरा रकाना मुलांना सर्वांत आवडतो आणि तो भरण्यास मी त्यांना मनाई करीत नाही. फक्त तो शेवटी भरावयाचा असतो, आणि खडूने.

दफन एकदाच उघडता येते. उघडल्यानंतर ते नाहीसे होते, उरतो तो त्याचा वृत्तान्त. दख्खनमधील अशी किती तरी वर्तुळे नांगराखाली आणि रस्त्याच्या खडीत गेली. वाड्या-वस्त्यांतले लोक त्यांना 'मोरियांची घरे' म्हणत आणि त्यांत बुटके लोक राहत असे सांगत. जेवर्गीच्या सांगाड्यांविषयी टेलरचे म्हणणे आपण आज खोडून काढू शकतो ते कशाच्या आधारे? त्यानेच काढलेल्या छेदचित्राच्या आधारे. कवटी धडापासून किती अंतरावर, कोणत्या थरात, कोणत्या दगडाखाली होती, हे त्याने आपला निष्कर्ष बाजूला ठेवून कागदावर उतरविले होते.